रंगगोळीचा वेग

१९८१ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या रानात १२ गडी रंगगोळ्यांची लढाई खेळले. त्यांची वायूवर चालणारी पिस्तुले मुळात झाडांवर व गुरांवर खुणा करण्यासाठी घडविलेली होती. प्रत्येक गोळीसाठी दट्ट्या हाताने मागेपुढे करावा लागे. म्हणून वेग हातापुरताच. पुढे सुटणाऱ्या वायूचाच काही अंश हातोडी मागे लोटू लागला आणि खेळाडूकडे केवळ चाप ओढणे उरले. नंतर विजेने उघडणारी झडप आली. परंतु गोळी पुरती खाली उतरण्यापूर्वीच दट्ट्या पुढे सरकला, तर तिचे जिलेटिनचे कवच आतल्या आत फुटते. तात्पर्य, चाप कितीही चपळ असो, गोळी पोहोचण्याच्या वेगापुढे यंत्राला जाता येत नाही. आणि त्या पहिल्या खेळात जिंकलेल्या गड्याने तर एकही गोळी झाडली नव्हती!