भास थांबले, तरी विचारांची घडी विस्कटलेलीच!
स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी बोधनिक प्रशिक्षणाचा आधार

स्किझोफ्रेनिया म्हटले, की कानात आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा संशय येणे, हीच लक्षणे डोळ्यांसमोर येतात. औषधांनी ती अनेक रुग्णांमध्ये आटोक्यात येतात. मात्र, त्यानंतरही रुग्ण नोकरीत टिकत नाही, सांगितलेल्या चार वस्तूंपैकी दोनच आणतो, बोलता बोलता विषयाचा धागा हरवतो. घरच्यांना हा आळस वाटतो. वस्तुतः तो आजाराचाच भाग असतो.

लक्ष एकाग्र करणे, ऐकलेले मनात धरून ठेवणे, कामांचा क्रम आखणे या क्षमता या आजारात मंदावतात. सध्याच्या औषधांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. रुग्ण स्वतःच्या पायावर उभा राहणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी याच क्षमतांवर अवलंबून असते. म्हणूनच औषधोपचारांच्या जोडीला बोधनिक प्रशिक्षणाचा विचार पुढे आला.

प्रशिक्षण कसे असते?

संगणकावर किंवा कागद-पेन्सिलीच्या साह्याने रुग्णाकडून सोप्यापासून कठीणाकडे जाणारे सराव करून घेतले जातात. हे सराव आठवड्यातून काही वेळा, असे काही महिने चालतात. केवळ घोकंपट्टी येथे अपेक्षित नाही. यादी स्वतःशी मोठ्याने म्हणणे, वस्तूंचे गट पाडणे, मोठ्या कामाचे लहान टप्पे करणे, अशा युक्त्या प्रशिक्षक शिकवतो. त्याच युक्त्या पुढे बाजारहाट, बसप्रवास आणि कार्यालयीन कामात वापरायच्या असतात.

उपयोग किती?

‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 130 अभ्यासांतील 8,851 व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. विचारक्षमता आणि दैनंदिन व्यवहार या दोहोंत सुधारणा आढळली. ती माफक, पण निश्चित होती. प्रशिक्षित व्यक्तीचे मार्गदर्शन, युक्त्यांचे पद्धतशीर शिक्षण आणि पुनर्वसनाची जोड असेल, तेथे लाभ अधिक होता. रुग्णाला मोबाइलवरील कोडी देऊन मोकळे होणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भारतात प्रशिक्षित तज्ज्ञांची संख्या अपुरी असल्याने कुटुंबाची भूमिका मोलाची ठरते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील संशोधकांनी घरच्या घरी करावयाच्या सरावाचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला होता. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णाला ‘शुभार्थी’, तर त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणते. शुभंकरांनी एका वेळी एकच सूचना द्यावी, ती लिहून ठेवावी आणि उत्तरासाठी थोडे थांबावे, एवढ्यानेही दिवस सुकर होतो.

हे प्रशिक्षण औषधांना पर्याय नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय औषधे बंद करू नयेत. मात्र, भास थांबले म्हणजे उपचार संपले, ही समजूतही आता सोडायला हवी.