आकाशातील तालीम

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने खेडचा घाट चढून वर गेले, की आंबेगाव तालुक्यातील पेठ हे गाव लागते. सभोवतालच्या सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाट्याची हिरवीगार शेते पसरलेली असतात. येथून दक्षिणेस, सरळ रेषेत सुमारे 40 किलोमीटरांवर, लोहगावचा विमानतळ आहे. एस. टी.च्या गाडीस पेठेहून तेथवर पोहोचावयास तासाहून अधिक वेळ लागतो. ताशी 900 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सुखोई विमानास मात्र तीन मिनिटे पुरतात. त्याचा गडगडाट कानी पडून माणूस मान वर करतो, तोवर ते पुढे निघून गेलेले असते.

लोहगावचा हवाई तळ 1939 साली उभारला गेला. सुखोई-30 एमकेआय या जातीची विमाने भारतीय हवाई दलात विधिपूर्वक सामील झाली, ती याच तळावर, 27 सप्टेंबर 2002 रोजी. पुढे ही विमाने नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात तयार होऊ लागली. युद्धाचा प्रसंग सुदैवाने क्वचितच येतो. पण लढाऊ विमाने शांततेच्या काळातही सतत उडत असतात. ती आकाशात जाऊन करतात तरी काय? ती तालीम करतात. गावच्या तालमीत पहिलवान जसे रोज जोर काढतात व आपल्याच जोडीदाराशी झुंजतात, तसाच हा प्रकार आहे. भेद इतकाच, की येथे जोडीदाराजवळ क्षेपणास्त्रे असतात. मग झुंज तर खरी व्हावी आणि जोडीदारास इजा तर होऊ नये, हे साधावयाचे कसे?

शस्त्राची धार काढून ठेवून शस्त्राचा सराव करण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. जुन्या काळी तलवारीचे हात शिकावयाचे ते फरीगदग्यावर. गदगा म्हणजे चामड्याने मढविलेली छडी व फरी म्हणजे लहानशी ढाल. घोडेस्वारांसाठी बोथाटी असे. लांब वेळूच्या टोकास भाल्याच्या पात्याऐवजी कापडाने मढविलेला गोळा बसवीत व तो रंगात बुडवीत. दोन स्वार घोडे फेकीत एकमेकांवर चालून जात. ज्याच्या अंगरख्यावर रंगाचा डाग उमटे, त्यास भाला लागला असे समजत. त्यात रक्त सांडत नसे आणि ‘मला लागलाच नाही’ असे म्हणण्याची सोयही नसे. लढाऊ वैमानिकांचा बहुतेक सराव म्हणजे आकाशातील बोथाटीच होय. प्रश्न एवढाच, की येथे रंगाचा डाग कोणी उमटवावयाचा?

पहिल्या महायुद्धात या प्रश्नास एक नामी उत्तर सापडले. विमानातील मशीनगनच्या जागी तिच्याच आकाराचा कॅमेरा बसविण्यात आला. चाप ओढला की गोळीऐवजी छायाचित्र निघे. खाली उतरल्यावर ते धुऊन पाहावयाचे. प्रतिस्पर्ध्याचे विमान छायाचित्राच्या मध्यभागी असेल तर नेम लागला, कडेला असेल तर चुकला. आज लढाईचे अंतर वाढले आहे. डोळ्यांना दिसतही नाही अशा विमानावर रडारच्या साहाय्याने नेम धरावा लागतो; तेथे साधा कॅमेरा पुरत नाही. म्हणून सरावाच्या वेळी पंखाखाली बिनस्फोटकाचे क्षेपणास्त्र टांगतात. त्याचे डोके मात्र खरे असते. शत्रूच्या इंजिनाची उष्णता ओळखणारे यंत्र त्यात काम करीत असते व लक्ष्य सापडले की वैमानिकाच्या कानात ठरावीक आवाज घुमू लागतो. पण त्यात ना दारूगोळा, ना पुढे ढकलणारे इंजिन. कळ दाबली तरी ते जागचे हलत नाही. अनेक देशांत अशा शस्त्रांना निळा रंग देतात, म्हणजे खऱ्याखोट्याची गल्लत होऊ नये.

विमानाचा वेग, उंची, दिशा आणि कळ दाबल्याचा क्षण यांची नोंद यंत्रे ठेवतात. क्षेपणास्त्र खरोखर सुटले असते तर ते पोहोचले असते की नाही, याचा हिशेब संगणक करतो. रंगाचा डाग तो हाच.

या तालमीपर्यंत पोहोचण्याची वाट मोठी लांब आहे. पुण्याजवळच खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. अनेक वैमानिकांचा आरंभ तेथील तीन वर्षांच्या शिक्षणाने होतो. नंतर हैदराबादजवळील दुंडिगल येथे पंख्याच्या लहान विमानावर ते उडू लागतात. पुढे लढाऊ शाखेसाठी निवडले गेलेले वैमानिक मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बीदर येथे हॉक नावाच्या जेट विमानावर हात बसवितात. नागपूरच्या अंतरा मेहता यांची 2020 साली लढाऊ शाखेसाठी निवड झाली. महाराष्ट्रातून त्या शाखेत गेलेल्या त्या पहिल्या महिला वैमानिक.

याच काळात जमिनीवर खिळविलेल्या खोट्या विमानाचाही पुष्कळ उपयोग होतो. एका खोलीत वैमानिकाची हुबेहूब बैठक असते व समोरच्या पडद्यावर आकाश सरकत असते. इंजिनास आग लागणे, पंखा निकामी होणे अशी संकटे शिक्षक हवी तेव्हा उभी करतो. खऱ्या आकाशात जी चूक एकदाच करता येते, ती येथे दहादा करता येते. मात्र या खोलीत एक गोष्ट अनुभवास येत नाही, ती म्हणजे वळणाचा भार. विमान वेगात असताना जोराने वळविले की वैमानिकाचे शरीर बैठकीवर दाबले जाते. हा भार त्याच्या वजनाच्या नऊपटीपर्यंत जाऊ शकतो. 60 किलो वजनाच्या माणसास त्या वेळी आपण 540 किलोंचे झालो आहोत असे वाटते. हात उचलवत नाही. रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि सावधगिरी न बाळगल्यास शुद्धही हरपते. म्हणून वैमानिक पायांना व पोटाला आवळून धरणारा विशेष पोशाख घालतात, स्नायू ताणून ठरावीक पद्धतीने श्वास घेण्याचा अभ्यास करतात आणि बंगळूर येथील हवाई दलाच्या वैद्यक संस्थेत गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसून तो पारखून घेतात.

खोट्या शस्त्रांची झुंज निर्धोक असते, असे मात्र कोणी समजू नये. विमाने खरी, त्यांचा वेग खरा आणि खालची जमीनही खरीच. 28 जानेवारी 2023 रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली सुखोई व मिराज ही दोन विमाने मध्य प्रदेशातील मोरेना जिल्ह्यात कोसळली. सुखोईतील दोघे छत्रीच्या साहाय्याने वाचले. मिराजच्या वैमानिकास प्राणास मुकावे लागले. त्या दिवशी युद्ध नव्हते.

अशा संकटांमुळेच सरावाचे नियम अत्यंत कडक असतात. दोन विमानांनी एकमेकांच्या किती जवळ जावयाचे याची मर्यादा आधीच ठरलेली असते. जमिनीपासून काही हजार फूट उंचीवर एक काल्पनिक जमीन मानतात. तिच्याखाली जो उतरला तो कोसळून मेला असे समजून बाद केला जातो. सर्वांत महत्त्वाचा नियम थांबण्याचा. काही विपरीत दिसताच कोणीही, अगदी नवखा वैमानिकसुद्धा, रेडिओवर ठरलेला शब्द उच्चारू शकतो. तो कानी पडताच सर्वांनी झुंज तत्काळ सोडावयाची असते. का, कशासाठी, हे खाली उतरल्यावर विचारावयाचे.

उतरल्यावर खरी शाळा भरते. प्रत्येक विमानाची वाट पडद्यावर पुन्हा रेखाटली जाते. कोण कोणाच्या मागे गेला, कोणी कळ दाबण्यास उशीर केला, हे सारे उघड होते. येथे हुद्दा आड येत नाही. वरिष्ठाची चूक कनिष्ठाने दाखविली तर ती ऐकून घ्यावी लागते. उड्डाण तासाभराचे असले, तर ही चर्चा दोन-तीन तासही चालते. हवाई युद्धाच्या डावपेचांचे उच्च शिक्षण देण्यासाठी हवाई दलाने 1971 साली एक स्वतंत्र संस्था काढली. ती आज ग्वाल्हेर येथे आहे.

असाच सराव देशोदेशींचे वैमानिक एकत्र येऊनही करतात. अमेरिकेने 1975 साली नेवाडाच्या वाळवंटात ‘रेड फ्लॅग’ नावाचा सराव सुरू केला. व्हिएतनामच्या युद्धात तेथील हवाई दलास असे आढळले होते, की वैमानिकास सर्वाधिक धोका त्याच्या पहिल्या दहा लढाऊ फेऱ्यांत असतो. मग त्या दहा फेऱ्या शांततेच्या काळातच, रक्त न सांडता, पार पाडून घ्याव्यात, असा विचार त्यामागे होता. ऑगस्ट 2008 मध्ये भारताच्या सुखोई विमानांनी या सरावात भाग घेतला. अशा वेळी पाहुण्यांपुढे सारेच डाव उघडे करीत नाहीत. रडारच्या युद्धकाळातील खुब्या झाकूनच ठेवतात. पहिलवानही परगावच्या तालमीत आपला ठेवणीतला डाव काढीत नाही.

जमिनीवरील लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव निराळा. ताशी 900 किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला 250 मीटर जाते. बाँब सोडण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर तो सव्वाशे मीटर पुढे पडतो. ही अचूकता अंगी यावी म्हणून काही किलो वजनाचे सरावाचे लहान बाँब वापरतात. त्यांची पडण्याची वाट मोठ्या बाँबसारखीच असते. पण जमिनीवर आदळल्यावर त्यांतून केवळ धुराचा लोट निघतो. सरावाच्या मैदानाच्या कडेला, एकमेकांपासून दूर, दोन मनोरे असतात. धूर कोणत्या दिशेस दिसला, तो कोन प्रत्येक मनोऱ्यावरील माणूस मोजतो. नकाशावर त्या दोन कोनांच्या रेषा काढल्या की त्या जेथे छेदतात, तेथेच बाँब पडला. भूमितीच्या तासाला काढलेल्या त्रिकोणाचा असाही उपयोग आहे.

एवढे सारे झाल्यावर खऱ्या शस्त्रांची गरज ती काय उरते? उरते, आणि ती टाळता येत नाही. सुखोईच्या तोफेत 150 गोळे मावतात व ते सारे सहा सेकंदांत संपू शकतात. ती तोफ सुटली म्हणजे विमानास बसणारा हादरा कोणत्याही पडद्यावर अनुभवता येत नाही. एका पंखाखालचा जड बाँब सुटला की विमान क्षणभर दुसऱ्या बाजूस कलते. ते सावरण्याची सवय हातालाच व्हावी लागते. शिवाय ही परीक्षा एकट्या वैमानिकाची नसते. विमानावर शस्त्रे चढविणारे तंत्रज्ञ खरे बाँब हाताळूनच तयार होतात. कोठारात अनेक वर्षे पडून असलेले क्षेपणास्त्र ऐन वेळी चालेल ना, हेही अधूनमधून पाहावे लागते.

हा सराव अर्थातच वस्तीपासून दूर होतो. राजस्थानातील पोखरणच्या वाळवंटात हवाई दलाचे सरावाचे मैदान आहे. 17 फेब्रुवारी 2024 रोजी तेथे झालेल्या ‘वायुशक्ती’ या सरावात शंभराहून अधिक विमानांनी भाग घेतला. हवेतल्या हवेत मारा करावयाचा तर लक्ष्यही उडते हवे. त्यासाठी बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ‘लक्ष्य’ नावाचे बिनवैमानिकाचे विमान तयार केले. ते सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या तारेने एक खोटे लक्ष्य मागे ओढीत नेते. मारा त्या लक्ष्यावर करावयाचा असतो. नव्या शस्त्रांची पारख समुद्रावरही होते. भारतात बनलेले ‘अस्त्र’ हे क्षेपणास्त्र 23 ऑगस्ट 2023 रोजी ‘तेजस’ विमानातून सोडून पाहिले, ते गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर, सागरावर.

खरी शस्त्रे बाहेर निघाली, की दक्षता दुप्पट होते. क्षेपणास्त्राला व तोफेला लोखंडी खिळी लावलेली असते व तिला लांबून दिसावी अशी लाल फीत बांधतात. विमान धावपट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत ती काढीत नाहीत. मैदानावरील अधिकाऱ्याने ‘मोकळे आहे’ असे सांगितल्याखेरीज वैमानिकाने कळीस बोट लावावयाचे नसते. परवानगी मिळाली नाही, तर लक्ष्यावरून नुसतेच उडून परतावयाचे. कधी कधी कळ दाबूनही बाँब सुटत नाही, पंखाखाली तसाच लटकून राहतो. असे विमान इतर विमानांच्या रांगेत येत नाही. ते तळाच्या एका कडेस, निर्मनुष्य दिशेकडे तोंड करून उभे केले जाते. वैमानिक आपले हात बाहेरच्यांना दिसतील असे वर धरून बसतो, आणि तंत्रज्ञ खाली वाकून ती लाल फितीची खिळी पुन्हा जागच्या जागी घालतात.