पिशवीतली ओल

दिघीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याचे फोटो काढणारा माणूस कॅमेऱ्यावर थेंब पडू नये म्हणून धडपडतो. ते योग्यच. पण लेन्स नासते ती बहुधा नंतर, घरी कपाटात, चेन लावलेल्या जाड पिशवीत. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, त्यामुळे ते लेन्समध्ये आधीच पोचलेले असतात. रुजायला त्यांना साधारण 70 टक्क्यांवरची आर्द्रता सलग काही दिवस मिळावी लागते, आणि कोकणात पावसाळाभर ती मिळतेच. खायला काचेवरची धूळ, वंगणाचा अंश, बोटांचा तेलकटपणा पुरतो. किनाऱ्यावरच्या धुळीत मीठही असते. मीठ 75 टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून विरघळते. म्हणून खाऱ्या वाऱ्यात फिरून आलेली पिशवी वाळल्यासारखी वाटली तरी ओल धरून असते. अंधार आणि साचलेली हवा उरलेले काम करतात.

लेन्स ‘वेदर-सील्ड’ आहे, मग भीती कसली, असे कोणी म्हणेल. पण सीलचे रबर थेंब अडवते, वाफ नाही. झूम पुढेमागे करताना लेन्स बाहेरची दमट हवा आत ओढतेच. फोटोत काही दिसत नाही, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. धुळीपुरता तो खराही आहे: आतल्या चार कणांसाठी लेन्स उघडू नये. बुरशीचे तसे नाही. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप खातात, आणि त्या लेपाचा एकेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. कारागीर बुरशीचे जाळे पुसून देईल, खाल्लेला लेप परत येत नाही; सूर्यासमोरचे फोटो धुरकट येत राहतात. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सैन्याच्या दुर्बिणी याच बुरशीने निकामी केल्या होत्या. सिलिका जेल टाकले की झाले, हेही अर्धेच खरे. चेनच्या पिशवीतली पुडी काही दिवसांत भरून जाते, आणि तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवली तर पिठूळ धूळ तेवढी वाढते.

म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात गरम करून पुन्हा वापरता येणारे सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांवर राहू द्या. 30 च्या खाली गेला तर वंगण आणि रबर सुकण्याची भीती. एसीच्या खोलीतून दमट हवेत जाताना लेन्स आधी बंद पिशवीतच बाहेरच्या उष्णतेला येऊ द्या, नाहीतर काचेवर दव धरेल. आणि पावसाळ्यातही दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून वापरा.