गवतकापणीचा एक दिवस

पहाटे ५:१५
नागोठण्याजवळची आदिवासी वाडी. काकी तांदळाच्या भाकऱ्या थापते. सोबत सुक्या जवळ्याची चटणी. सून विळ्याला धार लावते. दोघी साडीवर घरातल्या गड्यांचे जुने शर्ट चढवतात, पूर्ण बाह्यांचे. गवताचं कुसळ टोचतं म्हणून. गोचिडीसाठीही तेच उपयोगी.

६:३०
मिनीडोर पेणच्या दिशेने. माणशी वीस रुपये, ज्याचे त्याने. मजुरी बाईला चारशे, गड्याला सहाशे. विळा दोघांचा सारखाच.

७:१५
वरकस माळ. नोव्हेंबर लागलाय, गवत कमरेला आलंय, दव अजून उतरलेलं नाही. डाव्या हातात मूठ, उजव्या हातात विळा, मागे पेंढ्यांची रांग. व्यापारी हे गवत तबेल्यांना पुरवतो. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते. कुणी घासून गेलं की चिकटते. चावते तेव्हा दुखत नाही, ही खरी पंचाईत. कळतच नाही.

१२:३०
जेवण. इतर बाया कापलेल्या गवतावरच टेकतात. काकी खताची रिकामी गोणी अंथरते.

४:३०
हिशेब. जाण्यायेण्याचं भाडं वजा जाता काकीच्या हाती तीनशे साठ. त्यातले शंभर दुकानदाराच्या उधारीत.

६:००
शेळ्या परतल्या. एकीच्या कानात फुगलेल्या करड्या गोचिडी. काकी बोटाने उपटून नखाने चिरडायला जाते.
"आत्या, हाताने नको."
"जनावराला तं रोजच असतात. काय होतंय?"
सून चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकते. मग आंघोळ, आणि बल्बखाली एकमेकींची तपासणी: कानामागे, काखेत, नाडीखाली, गुडघ्यामागे. काकीच्या कमरेला एक सापडते, तिळाएवढी. काकी रॉकेल मागते. सून ऐकत नाही. रॉकेल नाही, काडीचा चटका नाही. कातडीला लागून चिमट्यात धरायची आणि न पिळता सरळ ओढायची. जागा साबणाने धुतली. एवढं बघायला दहा मिनिटं लागली, पैसा शून्य.

७:१५
आशाताई येते. शेजारच्या पोराला ताप आहे. ती शर्ट काढायला लावते. काखेत काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, म्हणून कुणी पाहिलीच नव्हती.

ही खपली बहुधा स्क्रब टायफसची. तो गोचिडीने नाही, गवतातल्या जेमतेम दिसणाऱ्या तांबड्या किड्याने होतो. ताप सहा ते एकवीस दिवसांनी येतो, तोवर गवत कापल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. गोचिडीने होणारा टायफस वेगळा. त्यात ताप, डोकेदुखी आणि पुरळ. पुरळ तळहात-तळपायांवरही उठतं. दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन चालतं, वेळेत मिळालं तर. पण तापाच्या दिवसांत मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचंच नाव आधी येतं. खाली सिंधुदुर्गात, दोडामार्गला, २०१६पासून गोचिडीमुळे माकडताप आला. तो विषाणूचा, त्याला हे औषध लागू पडत नाही.

"उद्या सकाळीच सरकारी दवाखान्यात न्या. खपली दाखवा," आशाताई बजावते.

गवतात गेला असाल आणि पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टर विचारोत न विचारोत, आधी गवताचं सांगा.