संगणकीय नकला व अक्षरसंकेत

मोडी कागदांच्या देवनागरी नकला संगणकांत उतरवितांना अक्षरसंकेताकडे दुर्लक्ष झालेलें आम्हांस आढळतें. संगणक अक्षरें नव्हे, अंक सांठवितो. कोणत्या अंकाचें कोणतें अक्षर, हें संकेत ठरवितो. पायथन भाषेंत ३.१४ आवृत्तीपर्यंत, फाइल लिहितांना संकेत न सांगितल्यास सामान्यतः यंत्राचा स्थानिक संकेत लागू होतो. विंडोजवर तो पुष्कळदां १२५२ क्रमांकाचा पाश्चात्त्य संकेत असतो. त्यांत देवनागरी मुळींच नाहीं. तेव्हां लेखन त्रुटि दाखवून थांबतें, हें बरेंच. परंतु त्रुटि टाळण्यास 'रिप्लेस' पर्याय दिल्यास प्रत्येक चिन्हाजागीं प्रश्नचिन्ह पडून पाठ कायमचा नष्ट होतो. उलट, यूटीएफ-८ संकेतानें लिहिलेली फाइल भलत्या संकेतानें वाचल्यास केवळ दर्शन विकृत होतें. मूळ शाबूत राहतें. सबब लिहितांना व वाचतांना यूटीएफ-८ स्पष्ट नमूद करावा, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.