गोवळकोंड्याची लेक

नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी हैदराबादला निघाले, तेव्हा दादाने एक कागद हातात दिला. बाबांच्या घराच्या हक्कसोडपत्राचा मसुदा. “वाचून ठेव गं, आलीस की रजिस्ट्रारकडे जाऊन सह्या उरकून टाकू,” म्हणाला. मी घडी करून पर्समध्ये टाकला. माहेर तुटायला नको, एवढंच मनात होतं.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, “चारमिनार काय सगळेच बघतात. चल, तुला कुतुबशाही मकबरे दाखवते.” खरं सांगू, कबरी काय बघायच्या, असंच मला वाटलं होतं. पण गोवळकोंडा किल्ल्याच्या पायथ्याशी त्या बागेत शिरलो आणि बघतच राहिले. १०६ एकरांचा परिसर! त्यात मकबरे, मशिदी, विहिरी मिळून शंभराच्या आसपास वास्तू.

कुतुबशाहीचं राज्य १५१८ ते १६८७ पर्यंतचं. खाली चौकोनी चौथरा, भोवती कमानींच्या ओवऱ्या आणि वर कांद्यासारखा फुगीर घुमट. घुमटाच्या बुडाशी कमळाच्या पाकळ्या. कमळ आपल्याकडे देवळात, इथे कबरीवर! जमशीदचा मकबरा तेवढा अष्टकोनी. हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुलीचा सगळ्यात भव्य, सुमारे ४२ मीटर उंच. आत दिसते ती नुसती खूण, खरी कबर खाली तळघरात असते. एके ठिकाणी हमामही आहे. शेवटची आंघोळ घालायला राजघराण्यातल्यांना तिथे आणत. सुलतान झाला तरी ती आंघोळ कुणाला चुकली?

मध्यंतरी या वास्तूंची रया गेली होती. २०१३ च्या पावसात इथल्या बडी बावडीचा एक भाग ढासळला. त्याच वर्षी आगा खान ट्रस्टने सरकारच्या साथीने दुरुस्ती हाती घेतली, ती २०२४ पर्यंत चालली. मागच्या काळात थापलेलं सिमेंट खरवडून काढलं आणि पुन्हा जुन्या रीतीचा चुन्याचा गिलावा केला. आता बावडीत पाणी साठतं. २०२२ साली गोवळकोंड्याच्या विहिरींच्या या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

चालत चालत आम्ही एका मोठ्या मकबऱ्यापाशी आलो. मी विचारलं, “हा कुठला सुलतान?” वन्सं हसल्या. “सुलतान नाही. ही हयात बक्षी बेगम.”

मुहम्मद कुलीची ही एकुलती एक लेक. १६१२ मध्ये बाप गेला आणि गादी मिळाली जावयाला. १६२६ मध्ये नवराही गेला. मुलगा अब्दुल्ला कोवळ्या वयात गादीवर बसला, तेव्हा कारभार सांभाळला तो हिने. १६५६ साली औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला, तेव्हा तहासाठी त्याच्या छावणीत गेली तीही हीच. नाव गादीवर कधीच लागलं नाही, पण राज्य राखलं. १६६७ मध्ये ती गेली. तिचा मकबरा सुलतानांच्या रांगेत शोभेल असा आहे आणि शेजारची १६६६ सालची मशीदही तिच्याच नावाने ओळखली जाते.

आठवा, शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह मात्र इथे नाही. औरंगजेबाने त्याला आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. त्याची कबर खुलताबादला आहे. वेरूळला जाताना किती वेळा त्या गावावरून गेलेय मी! कधी ठाऊकच नव्हतं.

बेगमच्या ओवरीत गार सावलीला बसलो. पाण्याची बाटली काढताना तो कागद हाताला लागला. तिथेच पहिल्यांदा नीट वाचला. ‘मी राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ असं लिहिलं होतं. बाबांच्या आजारपणातले सात महिने आठवले. औषधं, रात्रीची जागरणं, त्यांची पथ्याची खिचडी. ते सगळं राजीखुशीनेच केलं होतं. हे मात्र तसं नव्हतं.

घरी आल्यावर दादाला फोन केला. “कागद वाचला रे. पण सही नाही करत. भेटून बोलू.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “बरं. रविवारी ये. जेवायलाच ये.”

रविवारी जाणार आहे. दादाला आवडते ती पुरणपोळीही करून नेणार आहे. कागद मात्र कोराच परत देणार.