समुद्रातला वारा आणि रायपूरचा वाटा

समुद्रातल्या पवनचक्क्यांचा विषय निघाला की रायपूरमध्ये सहज ऐकू येतं, ‘ते गुजरात-तमिळनाडूचं काम, आपल्याला काय त्याचं?’ जमिनीवरच्या पवनचक्कीपुरतं हे खपून जाईल. समुद्राचा कायदा मात्र वेगळा आहे. राज्यघटनेच्या कलम 297 नुसार समुद्राच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातली सगळी साधनसंपत्ती संघराज्याची आहे, किनाऱ्यावरच्या राज्याची नव्हे. हे क्षेत्र 200 सागरी मैलांपर्यंत पसरलेलं आहे. म्हणजे खंबातच्या आखाताबाहेरच्या वाऱ्यावर भावनगरचा जेवढा हक्क, तेवढाच रायपूरचा.

दुसरा गैरसमज असा, की या क्षेत्राला कायदाच नाही, आहेत त्या नुसत्या घोषणा. वस्तुतः 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यातल्या कलम 7 मध्ये भरती-ओहोटी, वारे आणि प्रवाह यांपासून ऊर्जा मिळवण्याचा हक्क नावानिशी नोंदवलेला आहे. संयुक्त राष्ट्रांचा सागरी करार 1982 चा, म्हणजे त्यानंतरचा. 2015 च्या राष्ट्रीय धोरणाने चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे समन्वयाचं काम दिलं आणि डिसेंबर 2023 मध्ये भाडेपट्ट्याचे नियम आले. आधी पाहणीसाठी 3 वर्षं, गरज पडल्यास आणखी 2. मग उभारणी आणि वीजनिर्मितीसाठी 35 वर्षांपर्यंतचा पट्टा. तरीही 2025 संपेपर्यंत भारताच्या समुद्रातून एक युनिटही वीज जाळ्यात आलेली नव्हती. तेव्हा कमतरता कायद्याची नसून परवडण्याची आहे. खोल पाण्यात पाया घालणं, समुद्राखालून केबल टाकणं आणि खाऱ्या हवेत देखभाल करणं, तिन्ही महाग.

म्हणूनच जून 2024 मध्ये केंद्राने 7,453 कोटी रुपयांची तूट-भरपाई योजना मंजूर केली. त्यातले 6,853 कोटी गुजरात आणि तमिळनाडूच्या प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी, 600 कोटी दोन बंदरांसाठी. 140 कोटी लोकांत वाटलं तर माणशी सुमारे 53 रुपये पडतात आणि रायपूरकरही त्यात आले. शिवाय 2032 अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या सागरी पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क माफ आहे. माफ झालेलं शुल्क हवेत विरत नाही, ते इतर वीजग्राहकांवर येतं.

यावर आक्षेप असा, की कोरब्याचा कोळसा उशाशी असताना हा खटाटोप कशाला? उत्तर कायद्यातच आहे. 2023 च्या अधिसूचनेनुसार वीज वितरण कंपन्यांना आणि स्वतःची वीज बनवणाऱ्या उद्योगांनाही 2029-30 मध्ये एकूण विजेच्या 43.33 टक्के वीज अक्षय स्रोतांची वापरायची आहे. सिलतरा आणि उरल्याच्या पोलाद कारखान्यांना हा आकडा टाळता येणार नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, आपल्याकडचा वारा मात्र तेव्हाच जोरात असतो. दोन्हींची सांगड उपयोगाची आहे. मच्छीमारांचा आक्षेप याहून वजनदार आहे. पवनचक्क्यांभोवती सुरक्षा क्षेत्र आखलं की तिथे जाळं टाकता येत नाही, आणि ती झळ रायपूरला बसत नाही, किनाऱ्याला बसते. त्यामुळे पट्टा देण्याआधी त्यांचं ऐकून घेणं हा सौजन्याचा नाही, न्यायाचा प्रश्न आहे.

समुद्र दूर असला तरी मालकीही आपली आणि खर्चही आपला. खर्च करणाऱ्याने हिशेब मागितलाच पाहिजे.